भवानीबाई के., पॉइंट गार्ड

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये सगळ्या तिला 'बाई' म्हणायच्या. कॉलेजात तिचं नाव 'भवानीबाई के.' असं लागलेलं होतं. जुन्या बंगळुरी मराठा घरांत मुलीच्या नावापुढे बाई असतंच, आणि के. म्हणजे तिचे वडील कृष्णोजीराव. जर्सी छापणाऱ्यानं त्यातलं सगळ्यात आटोपशीर तेवढं उचललं आणि पाठीवर ठळक इंग्रजी अक्षरांत छापून टाकलं, 'बाई'. त्यामुळे जेमतेम माझ्या खांद्याला लागणारी ही पोरगी कोर्टवर उतरली की कन्नड, मल्याळी, हिंदी बोलणाऱ्या मुली बाजूनं ओरडायच्या, "कमॉन बाई! बाई, पास दे!" बाई म्हणजे शाळेतल्या बाई, एवढंच ऐकत पुण्यात वाढलेली मी. मला दर वेळी हसू फुटायचं.

मी रसायनशास्त्र शिकवते. नवऱ्याच्या नोकरीपायी मारतहळ्ळीला येऊन राहिले आणि या कॉलेजात लागले. मुलींची टीम बाहेरगावी जाते तेव्हा बरोबर एक बाईमाणूस हवं, असं एके दिवशी प्राचार्यांच्या मनात आलं आणि ते स्टाफरूममध्ये डोकावले. तेव्हा आत मी एकटीच चहा पीत बसले होते. एवढ्या पात्रतेवर मी टीमची मॅनेजर झाले. तोवर बास्केटबॉल हातात धरला नव्हता.

पहिल्या संध्याकाळी कोर्टच्या एका टोकाला खांबापाशी उभी राहून मी नवऱ्याशी फोनवर बोलत होते. दुधाची पिशवी फ्रीजमध्ये टाक, गॅसवर कुकर आहे, असलं काहीतरी, हळू आवाजात. पलीकडच्या टोकाला मुली पळत होत्या, बॉल आपटत होते. त्यांतली एक बॉल बगलेत मारून सरळ माझ्याकडे आली.

"म्याडम, तुम्ही मराठी काय?"

"हो. तुला कसं कळलं?"

"तिथनं दिसलं की," ती म्हणाली आणि परत पळाली.

'दिसलं' म्हणजे 'ऐकू आलं' असं मी धरून चालले. तिचं मराठी एकूणच निराळं होतं. ती 'मी येतो', 'मी जेवलो', 'मी खेळतो' असं बोलायची. मधूनच 'थोडं'साठी कन्नड 'स्वल्प' आणि 'बरं'साठी 'सरी' यायचं. एकदा मास्तरकी अंगात येऊन मी तिला म्हटलं, "अगं, मुलीनं 'मी येते' म्हणायचं असतं." तिनं माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. "म्याडम, आमचे लोक शहाजीराजांबरोबर घोड्यावरनं आले. तवापासनं असंच बोलतो आम्ही. तुम्ही परवा विमानानं आला." त्यानंतर मी तिचं व्याकरण कधी सुधारलं नाही.

ती पॉइंट गार्ड होती. मला पुढे समजलं ते असं की उंच मुली बास्केटखाली उभ्या राहतात, धक्काबुक्की करतात, गुण मिळवतात आणि टाळ्या घेतात. गार्डचं काम आपल्या टोकापासून बॉल खेळवत आणायचा आणि कुणाला कधी द्यायचा ते ठरवायचं. भवानी बॉलकडे कधीच पाहायची नाही. बॉल तिच्या डाव्या हाताखाली पाळलेल्या कुत्र्यासारखा चालायचा आणि तिचे डोळे सगळीकडे फिरायचे. समोरच्या मुलीचा खांदा कुठे झुकतोय, आपली प्रीती कुठे उभी आहे, कुणाला दम लागलाय, सगळं तिला दिसायचं. प्रीती म्हणजे आमची सेंटर, टीममधली सगळ्यात उंच मुलगी. हासनकडची, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. भवानीनं मान एका बाजूला वळवायची आणि बॉल दुसऱ्याच बाजूला जाऊन प्रीतीच्या हातात पडायचा. प्रीतीला सुद्धा बॉल आल्यावर कळायचं की तो आपल्याला हवा होता.

चूक झाली तर ती छातीवर एक चापट मारायची आणि म्हणायची, "सरी, पुढचा बॉल." मग ती चूक तिच्यापुरती संपायची. तिच्याबरोबर चालायचं म्हणजे तिच्या उजव्या हाताला चालावं लागे. आपण चुकून डावीकडे गेलो की ती बोलता बोलता पाठीमागून फिरून आपली बाजू बदलायची. बसमध्ये तिला डाव्या रांगेतली खिडकीच हवी. मुली म्हणायच्या, बाईची अंधश्रद्धा आहे. खेळाडूंच्या असल्या अंधश्रद्धा असतात, कुणी मॅचचे ठरलेले मोजे कधी धूत नाही, कुणी आधी उजवाच बूट घालतं. मीही तेच मानलं.

आमचे कोच मुत्तण्णा सर कोडगू भागातले, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांची मिशी म्हणजे एक संस्था होती. वरच्या ओठावरून सुरू होऊन ती गालांपर्यंत जायची आणि टोकांना वर वळायची. मुलींचं म्हणणं असं की सर स्वतः म्हातारे होतील पण मिशी होणार नाही. सरांचा आवाजही त्या मिशीला शोभेलसा होता आणि भवानीवर तो सगळ्यात जास्त वापरला जाई. ते बाजूनं ओरडायचे एक, ही करायची दुसरंच. "किवी केळल्वा?" ते गरजायचे. कानानं ऐकू येत नाही का, हा कन्नडमध्ये आईबापांपासून बस कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेला ओरडा. भवानी गोड हसायची. बहुतेक वेळा तिनं केलेलंच बरोबर निघायचं, त्यामुळे सर आणखी चिडायचे.

तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले ते गौरीच्या सणाला. सिटी मार्केटच्या मागच्या एका गल्लीत, वर जाणाऱ्या अरुंद जिन्याचं घर. कृष्णोजीराव एका छापखान्यात बाइंडर होते. गल्लीच्या तोंडाशीच मोहल्ल्याच्या क्लबचं बास्केटबॉल कोर्ट होतं आणि संध्याकाळी ते तिथल्या टेबलावर बसून गुणांच्या पाट्या उलटायचे. पोरगी त्या टेबलाखाली खेळत वाढली. अबोल, मृदू माणूस. तिची आई सुलोचनाबाई मात्र मोठ्यानं बोलायच्या, इतक्या की मला वाटलं खाली कुणाशी भांडण चाललंय. पानात होळगे, म्हणजे पुरणपोळ्या, वाढताना सुद्धा आवाज वरच्या पट्टीत. पाहुण्यांपैकी कुणी भवानीला काही विचारलं की उत्तर सुलोचनाबाईच द्यायच्या. "तिला कमी बोलायची सवय हाय," म्हणायच्या. एक गोष्ट मात्र मला खटकली. कृष्णोजीरावांना मुलीला बोलवायचं झालं की ते हाक न मारता लाकडी जमिनीवर टाच आपटायचे. धप्प! इतक्या सौम्य माणसाचं हे रागीट वागणं मला चमत्कारिक वाटलं. भवानी वळून बघायची आणि ते हसायचे.

त्या दिवशी निघताना ती म्हणाली, "घरी जेवलात. आता म्याडम काय म्हणायचं? अक्का म्हणतो." तेव्हापासून मी अक्का झाले.

मग धारवाडची मॅच झाली.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची उपांत्य फेरी होती. बंदिस्त हॉल, वर पत्रा, आणि स्थानिक कॉलेजच्या पोरांनी ढोल आणले होते. एकेक ठोका पत्र्यावर आदळून दुप्पट होऊन परत येत होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये रेफ्रीनं शिट्टी मारली, सगळ्या थांबल्या, आणि भवानी एकटीच बॉल घेऊन पुढे पळाली आणि बास्केट करून आली. रेफ्रीनं ताकीद दिली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. या खेपेला टेक्निकल फाउल लागला. रेफ्री तिच्या पाठीमागे उभा राहून तिला काहीतरी सुनावत होता आणि ही त्याच्याकडे पाठ करून शांतपणे बुटाची नाडी बांधत होती. त्याला तो उर्मटपणा वाटला असणार. वाटणारच. शेवटच्या क्वार्टरमध्ये आम्ही पुढे होतो, पुन्हा शिट्टी झाली, पुन्हा ही थांबली नाही. रेफ्रीनं दुसरा टेक्निकल दिला आणि दाराकडे बोट केलं. दोन टेक्निकल म्हणजे बाहेर.

गार्ड गेल्यावर टीम मोडली. बॉल कुणाकडे द्यायचा ते कुणालाच सुचेना. हातातली मॅच आम्ही घालवली.

मी ड्रेसिंग रूममध्ये शिरले तेव्हा भवानी बाकावर भिंतीकडे तोंड करून घोट्याची पट्टी सोडत होती. तिच्या पाठीमागे उभी राहून प्रीती बोलत होती. बोलत कसली, रडत ओरडत होती. "कुणाला दाखवत होतीस? तू एकटीच खेळतेस का? आम्ही कोण, खांब? तुझ्या घमेंडीनं घालवली मॅच. बघ ना इकडे! बोल ना!"

भवानी पट्टी गुंडाळत राहिली. बाकीच्या मुली बघत होत्या. इतक्या शिव्या खाऊन तिच्या मानेची एक शीरही हलली नाही. आणि मला एकदम जाणवलं की ही राग गिळत नाहीये. राग गिळणाऱ्या माणसाची पाठ अशी नसते. तिची पाठ रिकाम्या खोलीत बसलेल्या माणसासारखी सैल होती.

मी प्रीतीच्या दंडाला धरून तिला बाहेर पाठवलं, सगळ्यांनाच पाठवलं. दार लागलं. मी तिच्या मागून, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "भवानी." मग जरा मोठ्यानं म्हटलं. ती पट्टीचं टोक खोचत होती. मी पुढे जाऊन तिच्यासमोर बसले. तिनं वर पाहिलं, माझा चेहरा वाचला, आणि पट्टी खाली ठेवली.

"कळालं काय अक्का तुम्हाला?"

लहानपणी आलेल्या एका तापानं डावा कान पूर्ण गेला होता आणि उजव्यात थोडंसं उरलं होतं. बोलणं तोवर पक्कं झालेलं असल्यानं ते राहिलं. बाकी सगळं ती ओठांवरून वाचायची. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, चार भाषांचे ओठ तिला येत. "तेलुगू मात्र जमत नाही," ती गंभीरपणे म्हणाली. "लई जोरात बोलतात." आणि मिशीवाल्या माणसांचं काहीच कळायचं नाही. इतकी वर्षं मुत्तण्णा सर काय ओरडतात याचा तिला पत्ता नव्हता. ती आपली खेळाकडे बघून ठरवायची. सरांना काय हवं असेल याचा अंदाज बांधायची आणि हसायची.

"मास्कचे दिवस वाईट होते अक्का," ती म्हणाली. "बारावीला होतो मी. एकदम सगळ्यांची तोंडं झाकली. दुकानदाराचं कळंना, टीचरचं कळंना, आईचं सुद्धा बाहेर गेल्यावर कळंना. आधी कान गेला तेव्हा लहान होतो, कळालं नाही. खरा बहिरा तेव्हा झालो." मैदानं उघडली आणि कोर्टवर लोक मास्क काढून खेळायला लागले, तेव्हा ती पहिल्या दिवशी एका कोपऱ्यात बसून नुसते लोकांचे चेहरे बघत राहिली होती म्हणे.

"मला यंत्र आहे. क्लासला केसाखाली लावतो. खेळताना चालत नाही, घाम जातो, कोपर लागतं." मग म्हणाली, "कुणाला सांगू नका. आईनं शपथ घातली आहे."

मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तिनंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसनं परत निघालो. प्रीती आणि भवानी दोन टोकांना बसल्या होत्या. हावेरीच्या पुढे चहाला बस थांबली, सगळ्या परत चढल्या, आणि ड्रायव्हर यायच्या आत भवानी ड्रायव्हरच्या सीटपाशी, सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली. सगळ्यांचे ओठ दिसावेत म्हणून ती तिथं उभी आहे, हे फक्त मला कळत होतं.

"एक सांगायचं आहे," ती कन्नडमध्ये म्हणाली. आवाज अंदाजापेक्षा मोठा लागला होता. "मला या कानानं काही ऐकू येत नाही. या कानानं स्वल्प येतं. काल शिट्टी ऐकू आली नाही. ढोल वाजत होते, मला वाटलं सगळे आवाज एकच आहेत. घमेंड नव्हती." मग म्हणाली, "काल कोण काय बोललं ते पण मला माहीत नाही. कुणीतरी काहीतरी बोललं असणार. तोंडावरून वाटतंय."

प्रीती मागच्या सीटवरून उठली, वाकून वाकून, कारण तिचं डोकं छताला लागायचं, पुढे आली. भवानीसमोर उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं मी तुला मागून एवढ्या शिव्या दिल्या, त्या सगळ्या वाया गेल्या?"

भवानीनं एक क्षण ते ओठ नीट वाचले. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता खालीच बसली. प्रीती तिथंच तिच्या शेजारी पायरीवर बसली. डाव्या बाजूला बसली होती, मग उठून उजव्या बाजूला आली.

मुत्तण्णा सर पहिल्या सीटवर होते. बंगळूर येईपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत होते. सोमवारी संध्याकाळी ते कोर्टवर आले तेव्हा मुलींनी आधी त्यांना ओळखलंच नाही. मिशी नव्हती. जिथं ती होती तिथली कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा गोरी होती, आणि वरचा ओठ अगदी लहान मुलासारखा, जरा दुखावल्यासारखा दिसत होता. कुणाची हसायची हिंमत झाली नाही. ते भवानीसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता कळतंय?"

"कळतंय सर."

"मग डिफेन्समध्ये डावीकडे का सरकतेस? दोन वर्षं हेच सांगतोय!"

भवानीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ओरडणं तिला पहिल्यांदा पोचलं होतं.

सुलोचनाबाईंना हे कळलं तेव्हा त्या कॉलेजात आल्या. स्टाफरूमच्या बाहेर मला गाठून म्हणाल्या, "म्याडम, तुम्ही सांगायला लावलं काय?" नाही म्हटल्यावर त्या भिंतीला टेकल्या. इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "आमच्या गल्लीत एक मुका होता. त्याचं नाव काय होतं ते अजून कुणाला माहीत नाही. 'मूगा' म्हणायचे, दगड मारायचे. हिचा कान गेला तेव्हा मी देवीसमोर ठरवलं, माझ्या पोरीला कुणी 'किवुडी' म्हणून हाक मारायची नाही. बहिरी हे तिचं नाव व्हायचं नाही. ती चार ठिकाणी जायची तिथं मी पुढं उभा राहिलो. आता तिनंच जाऊन सांगितलं. आता मी कुठं उभा राहू?"

मी त्यांना चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही.

भवानीच्या शेवटच्या वर्षी टीमनं ओरडणं सोडून दिलं. सगळं बोटांवर आलं. कमरेवर मूठ म्हणजे प्रीतीनं वर यायचं, कानाच्या पाळीला हात म्हणजे बॉल डावीकडून जाणार. ही खूण भवानीनंच ठरवली होती आणि तिला त्यात फार मजा वाटायची. मॅचआधी सर रेफ्रीला गाठून सांगायचे, शिट्टी मारलीत की हात वर ठेवा, आमची गार्ड बघून थांबेल. बहुतेक रेफ्री समजूतदार निघाले. काही जण तिच्याकडे बघून उगीच मोठ्यानं बोलायचे. ती म्हणायची, "मोठ्यानं नको सर, सावकाश."

फायनल आमच्याच शहरात झाली. तोच गोंगाट, तेच ढोल, या वेळी आमच्याही पोरांनी आणलेले. शेवटची काही सेकंदं उरली होती आणि आम्ही एका गुणानं मागे होतो. समोरच्या टीमचा कोच घसा फोडून काही सांगत होता आणि त्यांची गार्ड कानामागे हात धरून "काय? काय?" विचारत होती. आमच्याकडे सगळं शांत होतं. भवानीनं कमरेवर मूठ ठेवली. दोघी जणी तिच्यावर धावून आल्या, कारण शेवटचा बॉल तीच टाकणार असं त्यांनी धरलं होतं. तिनं मान सरांकडे वळवली आणि बॉल न बघता मागे सोडला. प्रीती तिथं होती. बास्केट झाली. उरलेल्या क्षणांत त्यांना बॉल मिळू नये म्हणून भवानी त्यांच्या गार्डला जी चिकटली ती सुटेनाच. भोंगा वाजला, आमच्या मुली उड्या मारत आत धावल्या, ढोल सुटले, आणि ही हात पसरून त्या बिचारीला अडवून उभीच. ती मुलगी सांगत होती, संपलं, संपलं. शेवटी प्रीतीनं मागून येऊन तिला कमरेला धरून उचललं. पाय जमिनीवरून सुटले तेव्हा भवानीला कळलं की आपण जिंकलो.

कृष्णोजीराव गॅलरीत होते. ते टाच आपटत होते, एकसारखी, दोन्ही पायांनी.

खेळाच्या कोट्यातून तिला एका सरकारी खात्यात नोकरी मिळायची होती. मैदानावरच्या चाचणीत ती पहिली आली. मग वैद्यकीय तपासणी. कान तपासायची ती काचेची खोली असते, तिथं तिला बसवलं, कानांवर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुलोचनाबाईंनी देव पाण्यात ठेवले होते. प्रीतीनं तर युक्त्याही सुचवल्या होत्या.

त्या संध्याकाळी ती माझ्या घरी आली. नापास झाली होती.

"समोरच्या काचेत त्या माणसाचा हात दिसत होता अक्का," ती म्हणाली. "आवाज सोडायला तो कळ दाबायचा, ते काचेत उमटलेलं दिसायचं. दोन-तीनदा मी बटण दाबलं पण. बरोबर आलं."

"मग?"

"मग डोळे मिटून बसलो."

तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं, ते हलत नव्हते, म्हणून तीच पुढे म्हणाली, "नोकरी लागली असती. मग तिथं रोज लपवायचं. रोज काचेत बघायचं. बसमध्ये सांगून टाकलं तेव्हा किती हलकं वाटलं होतं. परत ते उचलून डोक्यावर कोण घेणार?" आणि मग तिचा चेहरा पडला. "आई बोलत नाही माझ्याशी. बोलते, पण तोंड फिरवून बोलते."

तोंड फिरवून बोलणं म्हणजे तिच्या बाबतीत काय, ते मला समजायला एक क्षण लागला.

पुढे तिला सर्जापूर रोडवरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून काम लागलं. कान कसे आहेत ते तिनं पहिल्याच मुलाखतीत सांगितलं. त्याच सुमारास मुत्तण्णा सरांनी कुठूनतरी माहिती काढून तिला कर्णबधिर मुलींच्या राज्य संघाच्या सरावाला नेलं. मला वाटलं, आता ही आपल्या माणसांत गेली. पहिल्या आठवड्यानंतर तिचा चेहरा रडवेला होता.

"तिथं सगळ्या हातांनी बोलतात अक्का. भराभर. मला एक अक्षर येत नाही. ओठ हलवतच नाहीत, वाचू काय? मी कोपऱ्यात बसतो. इतकी वर्षं ऐकणाऱ्यांत होतो तेव्हा कुणाला कळालं नाही. आणि तिथं मीच बहिरा."

पण ती गेली. रोज गेली. खेळ तर तिला येतच होता, भाषा तिथल्या मुलींनी शिकवली, चुका करत, हसत. ती त्यांची गार्ड झाली. पुढे बाहेरच्या राज्यांतही खेळून आली. माझ्याकडे येणं मग कमी झालं, ते बरंच झालं म्हणायचं. शाळा, सराव, प्रवास. सणाला एखादा व्हिडिओ कॉल यायचा, त्यात ती कॅमेरा माझ्या तोंडाजवळ न्यायला सांगायची.

गेल्या महिन्यात मारतहळ्ळीच्या पुलाखाली मी रिक्षात अडकले होते. दुपारची वेळ, चहूबाजूंनी हॉर्न. शेजारी एक बस येऊन थांबली आणि तिच्या खिडकीत मला भवानी दिसली. ती जरा भरली आहे, केस कापले आहेत, त्यामुळे कानामागचं यंत्र उघडं दिसत होतं. ती आतल्या बाजूला वळून बसली होती. तिच्या शेजारी सुलोचनाबाई होत्या.

त्यांच्या मांडीवर भाजीची पिशवी होती. ती दोन गुडघ्यांमध्ये दाबून धरून त्यांनी हात मोकळे केले होते, आणि त्या मुलीला हातांनी काहीतरी सांगत होत्या. हळूहळू, अडखळत, मधेच बोटं थांबवून आठवत. समोर उभे असलेले लोक बघत होते. एका लहान मुलीनं तर वाकून तोंडच पुढे आणलं होतं. सुलोचनाबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांची काहीतरी खूण चुकली असावी, कारण भवानी हसली, तिनं आईचा अंगठा धरला आणि जरासा वर वळवून दिला. आईनं ते पुन्हा करून दाखवलं. भवानीनं मान हलवली, बरोबर.

मी बसच्या काचेवर टकटक करायला रिक्षातून हात बाहेर काढला होता, तो तसाच आत घेतला. सिग्नल सुटला आणि बस पुढे गेली.